उताऱ्यात नसलेलं उत्तर

मी नसरापुरात शिकलो तेव्हा मराठी शाळेत इंग्रजी पाचवीपासून असायचं. पहिलीला ते आलं २००० साली. आमची ए-बी-सी-डी पाचवीत सुरू व्हायची आणि दहावीला बोर्डाचा पेपर. त्यात अनसीन पॅसेज यायचा, म्हणजे पुस्तकात नसलेला उतारा आणि खाली प्रश्न.

त्यावर दादानं, माझ्या थोरल्या भावानं, मला युक्ती शिकवली होती. प्रश्नातला मोठा शब्द धरायचा, उताऱ्यात तो बोटानं शोधायचा आणि ते वाक्य फुलस्टॉपपर्यंत उतरवायचं. अर्थ कळायची गरजच नव्हती.

मी आठवीत गेलो आणि इंग्रजीला नवे सर आले. त्यांनी फळ्यावर बनेश्वराच्या घंटेचा उतारा लिहिला. देऊळ नानासाहेब पेशव्यांनी १७४९ साली बांधलं. घंटेवर साल आहे १६८३. चिमाजी अप्पांनी १७३९ साली पोर्तुगीजांकडून वसई घेतली, तिकडून ती आली. तीन प्रश्न बोटानं सुटले. चौथा होता: चर्चची घंटा शंकराच्या देवळात का टांगली असेल, तुम्हाला काय वाटतं?

सगळा वर्ग उताऱ्यात ‘व्हाय’ शोधत बसला.

“फळ्यावर नाही रे ते,” सर म्हणाले. “तुमच्या डोक्यात बघा.”

श्रावणी सोमवारी बनेश्वराला जाणारी आम्ही पोरं. पण ती घंटा इथं का, हे कधी मनात आलंच नव्हतं. मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहिलं, आपण जिंकलो हे रोज ऐकू यावं म्हणून. निम्मी स्पेलिंगं चुकली होती. सरांनी तरी बरोबरची खूण केली.

दादा आदल्याच वर्षी दहावीला बसून इंग्रजीत राहिला होता. “उताऱ्यात व्हतं तेवढं समदं लिवलं की मी!” असं तो आईला सांगत होता. पुन्हा फॉर्म भरायला पैसे नव्हते. तो पुण्याला मार्केट यार्डात हमालीला गेला, त्याच्या पैशावर मी शिकलो.

२०१८ साली दहावीचं पुस्तक बदललं. दादाची धाकटी लेक त्याच वर्षी दहावीला. एकदा तिची कृतिपत्रिका हातात घेऊन दादानं मला विचारलं, “पर्सनल रिस्पॉन्स म्हंजी काय रं?”

“उतारा वाचून तुला काय वाटतं ते लिहायचं.”

तो बराच वेळ कागदाकडं बघत राहिला.

“आन् त्याला मार्क देत्यात?”