३० ऑगस्ट २०११ : फिलिपिन्सची रोम कराराला मान्यता

नरसंहार, युद्धगुन्हे आणि मानवतेविरुद्धचे गुन्हे करणाऱ्या व्यक्तींवर खटले चालवणारे आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय ज्या रोम करारातून जन्मले, त्याला फिलिपिन्सने आजच्या दिवशी मान्यता दिली. तो ११७ वा सदस्य देश ठरला. सही मात्र डिसेंबर २००० मध्येच झाली होती. जवळपास अकरा वर्षे कागद मनिलातच अडकून पडले. अखेर अध्यक्ष बेनिग्नो अक्विनो (तिसरे) यांच्या काळात सिनेटने मंजुरी दिली. ठरावाचा पाठपुरावा करणाऱ्या सिनेटर मिरियम डिफेन्सर सँटियागो त्याच वर्षी या न्यायालयावर निवडून आल्या, पण आजारपणामुळे त्यांना न्यायाधीशपदाची सूत्रे घेता आली नाहीत.

पुढे रॉड्रिगो दुतेर्ते अध्यक्ष झाले. अमली पदार्थांविरुद्धच्या त्यांच्या मोहिमेत हजारो माणसे मारली गेली. न्यायालयाने प्राथमिक चौकशी सुरू करताच मार्च २०१८ मध्ये त्यांनी करारातून अंग काढून घेतले. पण त्यात एक मेख आहे. माघार वर्षभराने लागू होते आणि सदस्य असतानाच्या गुन्ह्यांची जबाबदारी त्यानंतरही सुटत नाही. त्यामुळे १ नोव्हेंबर २०११ ते १६ मार्च २०१९ हा काळ, म्हणजे दुतेर्ते दवाओ शहराचे महापौर असतानाची काही वर्षेही, तपासाच्या कक्षेत राहिला. ११ मार्च २०२५ रोजी हाँगकाँगहून परतताना दुतेर्तेंना मनिला विमानतळावर अटक झाली आणि त्याच रात्री त्यांना हे न्यायालय असलेल्या हेगकडे रवाना करण्यात आले. भारताने मात्र रोम करारावर अजून सही केलेली नाही.