शिफ्ट ड्युटी, व्हीआरएस आणि घरचा हिशोब



उरण, अलिबाग, मुरुड, श्रीवर्धन या आपल्या पट्ट्यातल्या बऱ्याच घरांत कधी ना कधी एक प्रश्न येतो. तीस वर्षं शिफ्ट ड्युटी केली, आता व्हीआरएस घ्यावी, की अठ्ठावन्नपर्यंत रेटावं? प्रश्न घरधन्याच्या नोकरीचा वाटतो, पण त्याचा हिशोब शेवटी आपल्याच पदरात पडतो. म्हणून आज या प्रश्नाचा इतिहास बघूया.

आपल्याकडे शिफ्टची नोकरी पहिल्यांदा कळली ती मुंबईच्या गिरण्यांमुळे. आपला जिल्हा तेव्हा कुलाबा होता, रायगड हे नाव १९८१ सालचं. इथले पुरुष गिरणीत जात, बायकामुलं गावी शेती सांभाळत. गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि कामाचा दिवस लांबला. १९११च्या कायद्यानं कापड गिरणीतल्या पुरुषांना दिवसाला बारा तासांची मर्यादा घातली. १९४८च्या फॅक्टरी कायद्यानं आठवड्याला ४८ तास ठरवले, आणि बायकांना रात्रीचं काम बंद केलं.

म्हणजे कायद्यानं रातपाळी पुरुषाची झाली, पण रातपाळीचं घर चालवलं बायकांनी. दिवसा झोपलेल्या माणसासाठी पोरांना अंगणात धाडायचं, शिफ्ट बदलली की चुलीची वेळ बदलायची. त्याचा भत्ता कुणाच्या पगारपत्रकात लिहिला गेला नाही.

१८ जानेवारी १९८२ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. कितीतरी जण गावी परतले. ज्या घराला भाताचा तुकडा, वाडी किंवा मासळीचा धंदा होता, ते घर कसंबसं तगलं. पुढे एकेक गिरणी बंद पडत गेली आणि उरलेल्या कामगारांपुढे व्हीआरएसचे कागद आले. नाव ‘स्वेच्छा’निवृत्ती, पण गिरणीच राहणार नसेल तर स्वेच्छा कसली? आलेली रक्कम कुठे कर्जात गेली, कुठे लग्नात, कुठे घराच्या कौलांत.

त्याच काळात कारखाने आपल्या दारात आले. १९८०च्या दशकात थळला आरसीएफचा खत कारखाना सुरू झाला, १९८९ साली न्हावाशेवा बंदर. खताचा प्लांट चुलीसारखा रात्री विझवता येत नाही, बंद करून पुन्हा चालू करणं महागाचं आणि धोक्याचं. म्हणून तिथे फर्स्ट, सेकंड, नाईट हे चक्र अखंड चालतं.

सरकारी कंपन्यांसाठी केंद्र सरकारनं ऑक्टोबर १९८८मध्ये व्हीआरएसचा नियम ठरवला. नोकरीच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे दीड महिन्याचा पगार, किंवा निवृत्तीला जितके महिने उरले तितक्या महिन्यांचा पगार, यातलं जे कमी ते मिळणार. समजा, नोकरी तीस वर्षं झाली आणि निवृत्तीला चार वर्षं आहेत. दीड महिन्याप्रमाणे ४५ महिने होतात, उरलेले महिने ४८. मग मिळणार ४५. दोनच वर्षं उरली असतील तर फक्त २४.

यात ‘पगार’ म्हणजे मूळ पगार आणि महागाई भत्ता, एवढंच. नाईटचा भत्ता आणि ओव्हरटाइम त्यात नाही. ज्या जागरणावर घर उभं राहिलं, ते या हिशोबात धरलेलंच नव्हतं.

अलीकडचं उदाहरण आपल्याच जिल्ह्यातलं आहे. रसायनीची हिंदुस्तान ऑरगॅनिक केमिकल्स ही १९६०ची सरकारी कंपनी. मे २०१७मध्ये केंद्र सरकारनं तिथले तोट्यातले प्लांट बंद करायचं ठरवलं आणि कामगारांना व्हीआरएस देऊ केली. गिरणीचीच गोष्ट पुन्हा घडली.

मग लवकर थांबू नये का? तसंही नाही. शरीराचंही ऐकावं लागतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २००७ साली, आणि पुन्हा २०१९ साली, रातपाळीच्या कामाला ‘बहुधा कर्करोगाला कारण ठरणाऱ्या’ गोष्टींच्या गटात धरलं आहे. झोप उडाली असेल, बीपी-शुगर वाढली असेल, तर दोन वर्षांचा पगार तब्येतीपेक्षा मोठा नाही. आधी जनरल शिफ्ट मिळते का, तेही विचारावं.

पण एकरकमी आकडा बघून सही होऊ देऊ नका. १९९५च्या पीएफ पेन्शन योजनेत पूर्ण पेन्शन अठ्ठावन्नाव्या वर्षी मिळते. पन्नाशीनंतर आधी घेता येते, पण जितकी वर्षं आधी, तितक्या वर्षांमागे ४ टक्के कपात. ही कपात आयुष्यभराची असते. पेन्शन सुरू झाल्यावर नवरा गेला, तर बायकोला मिळते ती त्याच्या पेन्शनच्या निम्मी. म्हणजे त्याची कपात तिच्याही वाट्याला येते. नोकरी आधी सोडली तरी पेन्शन अठ्ठावन्नपर्यंत थांबवता येते, हे बऱ्याच घरांत माहीतच नसतं.

तेव्हा कागद घरी आले की दोघांनी मिळून बसा. दर महिन्याला काय येणार, दवाखान्याची सोय राहणार का, रकमेत वारसदार म्हणून नाव कुणाचं, हे तिन्ही लिहून काढा. गिरणीच्या काळात आपल्या आज्यांना हे कुणी विचारलं नाही. आपण न विचारता सही होऊ देऊ नये.