क्षयरोगाची राष्ट्रीय नमुना पाहणी

क्षयरोगाची राष्ट्रीय नमुना पाहणी : भारतातील क्षयरोगाची व्याप्ती मोजण्यासाठी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने १९५५–५८ मध्ये केलेली पाहणी. विशिष्ट वेळी लोकसंख्येचा जणू आडवा छेद घेऊन तीत रुग्ण किती, हे मोजणाऱ्या अभ्यासपद्धतीचे हे महत्त्वाचे भारतीय उदाहरण होय.

तत्पूर्वी क्षय हा मुख्यतः गिरण्यांच्या व दाट वस्तीच्या शहरांचा रोग समजला जाई. हा समज रुग्णालयांतील नोंदींवर बेतलेला होता आणि रुग्णालये बव्हंशी शहरांतच होती. पाहणीसाठी सहा विभागांतील शहरे, लहान गावे व खेडी नमुन्यादाखल निवडून रहिवाशांच्या छातीची क्ष-किरण छायाचित्रे घेण्यात आली व संशयितांची थुंकी तपासण्यात आली. थुंकीत जंतू असणाऱ्यांचे प्रमाण ठिकठिकाणी दर हजारी सु. २ ते ८ आढळले; खेड्यांतील प्रमाण शहरांहून फारसे कमी नव्हते. साहजिकच देशातील बहुसंख्य रुग्ण खेड्यांत होते. रुग्णालयांची दप्तरे कितीही चाळली, तरी हे उमगले नसते. १९६२ मध्ये जिल्हा हा घटक मानून सुरू झालेल्या राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमास या निष्कर्षाचा आधार मिळाला.

तथापि अशा पाहणीत काळाचे परिमाण नसते. एका दिवशी आढळणाऱ्या रुग्णांत जुने व नवे एकत्र मोजले जातात. लवकर मरण पावणारे निसटतात, दीर्घकाळ रेंगाळणारे अधिक सापडतात. रुग्ण कृश आढळला, तरी कृशतेमुळे क्षय जडला की क्षयाने कृशता आली, हे कळत नाही. वयपरत्वे वाढणारे प्रमाण वयामुळे, की त्या पिढीच्या बालपणी संसर्ग अधिक होता म्हणून, हेही अनिर्णित राहते.

ही उणीव बंगलोरच्या राष्ट्रीय क्षयरोग संस्थेने १९६१–६८ मध्ये जिल्ह्यातील ११९ खेड्यांत त्याच लोकांची चार वेळा तपासणी करून काही अंशी भरून काढली. पहिल्या फेरीतील जंतुयुक्त रुग्णांपैकी पाच वर्षांत जवळजवळ निम्मे मरण पावले, सु. एक तृतीयांश जंतुमुक्त झाले व उरलेल्यांच्या थुंकीत जंतू कायम होते. तेथे संघटित उपचारकार्यक्रम नव्हता. असा अभ्यास आज नीतिदृष्ट्या ग्राह्य ठरणार नाही.

२०१९–२१ मध्ये देशभर पुन्हा अशी पाहणी झाली. तीत पंधरा वर्षे व त्यावरील व्यक्तींत जंतुसिद्ध फुप्फुसीय क्षयाचे प्रमाण दर लाखी ३१६ आढळले. लक्षणे असलेल्यांपैकी सु. ६४ टक्के लोकांनी उपचारासाठी कोठेही धाव घेतली नव्हती.