तळटीप : परळीचे देऊळ आणि अहिल्याबाईंचे घराणे

* परळीच्या (जि. बीड) वैजनाथ मंदिराचा जीर्णोद्धार अहिल्याबाई होळकरांनी करविला. रुंद दगडी पायऱ्या चढून वर गेले, की गाभारा सभामंडपाच्याच पातळीत असल्याने मंडपातूनच पिंडीचे दर्शन घडते. लेखकाने येथे बाईंच्या वंशजांचा उल्लेख केला आहे. त्याबाबत खुलासा करणे भाग आहे.

चौंडीच्या माणकोजी शिंद्यांची ही लेक १७३३ साली होळकरांच्या घरी आली. सासरे मल्हारराव तेव्हा माळव्यात नव्याने पाय रोवत होते. १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात पती खंडेराव तोफेच्या गोळ्याने ठार झाले. सती जायला निघालेल्या सुनेला मल्हाररावांनी अडविले आणि पुढे कारभारात घातले. १७६६ त मल्हारराव गेले, १७६७ त बाईंचा एकुलता मुलगा मालेराव. कन्या मुक्ताबाई यशवंतराव फणसे यांना दिली होती. तिचा मुलगा नथ्याबा तरुणपणीच वारला. १७९१ त यशवंतरावही गेले आणि मुक्ताबाई सती गेली. सासऱ्यांनी आपल्याला अडविले, तसे लेकीला अडविणे मात्र बाईंना साधले नाही. त्यांच्या चरित्रातले याहून जीवघेणे पान मला ठाऊक नाही. १३ ऑगस्ट १७९५ रोजी महेश्वरी त्यांचे निधन झाले. पुढे होळकरांची गादी तुकोजीरावांच्या शाखेकडे गेली. तुकोजी हे मल्हाररावांच्या विश्वासातले सरदार, पोटचे पुत्र नव्हेत. म्हणून नंतरच्या इंदूरच्या राजांना बाईंचे वारस म्हणावे, वंशज नव्हे.