उतरण्याआधी शिदोरी जाळावी लागते

संकटात सापडलेले विमान लवकरात लवकर जमिनीवर यावे, असे कोणालाही वाटेल. परंतु वर्तमानपत्रात कित्येकदा याच्या उलट वाचावयास मिळते. बिघाड लक्षात आल्यावरही विमान दोन-अडीच तास आकाशात घिरट्या घालीत राहिले आणि इंधन बरेचसे जळून गेल्यावर मगच उतरले, अशी ती बातमी असते. वर्गातल्या मुलांनी याचे कारण विचारले, तर एका वाक्यात उत्तर देता येत नाही. त्या उत्तराला पाऊणशे वर्षांचा इतिहास आहे, आणि त्याची पहिली पाने आमच्या नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर उलगडतात.

१९४९ च्या जानेवारीत भारतात रात्रीची विमानटपालसेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून विमाने निघत आणि मध्यरात्रीच्या सुमारास नागपूरला एकत्र येत. येथे टपालाच्या पिशव्यांची अदलाबदल होई आणि पहाटेच्या आत ती आपापल्या गावी परतत. मुंबईच्या माणसाने संध्याकाळी पेटीत टाकलेले पत्र दुसऱ्या दिवशी कलकत्त्याच्या माणसाच्या हाती पडे. १९७३ पर्यंत ही सेवा चालली.

या व्यवस्थेत एक शहाणपण दडलेले होते. देशाच्या मध्यावर थांबा असल्यामुळे कोणत्याही विमानाला सबंध देश ओलांडण्याइतके इंधन पोटात घेऊन निघावे लागत नसे. वाटेत घर असलेल्या प्रवाशाने शिदोरी थोडी बांधली तरी चालते, तसेच हे. त्यातून त्या काळची डाकोटा विमाने लहान. उडताना त्यांचे जे वजन असे, त्यात आणि उतरताना चालेल अशा वजनात फारसे अंतर नसे. उडाल्यावर लगेच परतावे लागले, तरी वजनाची अडचण सहसा आड येत नसे.

आड येई ती वेळेची. १२ डिसेंबर १९५३ च्या रात्री सोनेगावहून मद्रासकडे निघालेल्या डाकोटाचे एक इंजिन उड्डाणानंतर थोड्याच वेळात निकामी झाले. काळोखात विमान कोसळले आणि आतल्या १४ जणांपैकी १३ जण दगावले. वाचला तो एकटा वैमानिक. मृतांत खासदार आणि कामगार पुढारी हरिहरनाथ शास्त्री होते. पुरेशी उंची नाही आणि हाती काही क्षण, अशा स्थितीत इंधन कमी करण्याचा विचारही कोणी करू शकत नाही. ही गोष्ट ध्यानात ठेवावी. पुढच्या सगळ्या कथेत वजन एका पारड्यात आहे आणि वेळ दुसऱ्या.

वजनाचे पारडे जड झाले ते जेट विमानांमुळे. १९६० साली एअर इंडियाकडे बोइंग ७०७ विमाने आली. समुद्र ओलांडून जाणाऱ्या या विमानांना इंधनाची शिदोरीही तशीच प्रचंड लागे. पुढे आलेल्या बोइंग ७४७ च्या एका प्रकाराचेच उदाहरण पाहा. उड्डाणाच्या वेळी त्याचे वजन सुमारे ३९६ टनांपर्यंत असू शकते. उतरताना मात्र ते २८५ टनांच्या आत असावे लागते. मधला फरक १११ टनांचा, म्हणजे दहा टन माल नेणाऱ्या अकरा मालमोटारींएवढा. एरवी तो प्रवासातच जळून जातो. परंतु उडाल्यावर दहा मिनिटांनी परत फिरायचे झाले, तर तो सगळा भार अंगावर असतो.

या भाराने बिघडते काय? पहिली गोष्ट म्हणजे आदळणे. विमानाची चाके व त्यांचे पाय अशा हिशेबाने बांधलेले असतात, की उतरण्याच्या ठरीव वजनाला सेकंदाला १० फूट या गतीने टेकले तरी त्यांनी सोसावे. उड्डाणाच्या पूर्ण वजनाला हाच आकडा ६ फुटांवर येतो. दुसरी गोष्ट म्हणजे वेग. जड विमानाला हवेत तरंगत राहण्यासाठी अधिक वेग ठेवावा लागतो. मग धावपट्टी अधिक लागते आणि ब्रेक भयंकर तापतात. तिसरी गोष्ट आगीची. चाक नसताना किंवा मोडलेले असताना उतरायचे असेल, तर टाकीत जितके इंधन कमी तितके बरे.

यावर पहिला उपाय निघाला तो इंधन हवेतच सोडून देण्याचा. उड्डाणाचे वजन उतरण्याच्या वजनाच्या १०५ टक्क्यांहून अधिक असेल, तर विमानात तशी सोय हवी, असा अमेरिकेचा जुना नियम होता. मोठ्या विमानांच्या पंखांच्या टोकाशी त्यासाठी नळ्या असतात. पुरेशा उंचीवरून सोडलेल्या इंधनाचे तुषार होऊन बरेचसे हवेतच विरते. १९६८ साली मात्र हा नियम सैल झाला. जड अवस्थेतही पुन्हा वर चढण्याइतकी ताकद ज्या विमानात आहे, त्याला ही सोय नसली तरी चालेल, असे ठरले. म्हणूनच बोइंग ७३७ सारख्या विमानाला इंधन ओतून देता येत नाही. ते जाळावेच लागते, आणि जाळायचे म्हणजे उडत राहायचे.

११ ऑक्टोबर २०२४ रोजी, दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी, हेच साऱ्या देशाने पाहिले. तिरुचिरापल्लीहून शारजाकडे निघालेल्या एअर इंडिया एक्सप्रेसच्या बोइंग ७३७ मध्ये द्रवदाबाच्या यंत्रणेत बिघाड झाला. आत दीडशेच्या आसपास माणसे होती. विमान अडीच तास शहराभोवती फिरत राहिले. खाली रुग्णवाहिका आणि अग्निशामक बंब सज्ज होते, आणि घरोघरी दूरदर्शन संचांपुढे लोक देवाचे नाव घेत बसले होते. रात्री सव्वाआठच्या सुमारास विमान सुखरूप उतरले. त्या वैमानिकांच्या जोडीतली सहवैमानिक पुण्याची मराठी मुलगी होती.

नागपूरनेही असा प्रसंग पाहिला आहे. ६ मे २०२१ रोजी एका रुग्णाला घेऊन येथून उडालेल्या लहान विमानाचे एक चाक उड्डाणाच्या वेळीच निखळून पडले. आत रुग्ण, त्याचा नातेवाईक, डॉक्टर आणि दोन वैमानिक होते. विमान मुंबईकडे नेण्यात आले. वाटेत इंधनाचा भार आपोआप हलका झाला. मुंबईच्या धावपट्टीवर फेस पसरला होता. त्यावर ते पोटावर घसरत थांबले आणि पाचही जण वाचले.

परंतु थांबणे नेहमीच हिताचे असते असे नाही. २ सप्टेंबर १९९८ रोजी स्विसएअरचे एक विमान कॅनडाच्या किनाऱ्याजवळ समुद्रात पडले आणि २२९ जण गेले. आत धूर झाल्यावर वैमानिक हॅलिफॅक्सकडे वळले होते. इंधन सोडून देण्यासाठी ते समुद्राकडे फिरले, तेवढ्यात आगीने विमान व्यापले. तडक उतरावयाचे ठरवले असते तरी धावपट्टी गाठता आली नसती, असे चौकशीत निष्पन्न झाले. तथापि धूर दिसला की वजनाचा हिशेब बाजूला ठेवून आधी जमीन गाठावी, हा धडा वैमानिकांच्या मनावर त्यानंतर कायमचा बिंबला. जड विमान उतरवता येतच नाही असे नाही. ते हलक्या हाताने टेकवायचे, आणि मागाहून त्याचा सांधान् सांधा तपासायचा.

२७ ऑगस्ट २०२१ रोजी मस्कतहून ढाक्याला चाललेल्या बांगलादेशच्या विमानात कप्तानालाच हृदयविकाराचा झटका आला. सहवैमानिकाने ते नागपूरला उतरवले. १२४ प्रवासी सुखरूप राहिले. कप्तानाने मात्र तीन दिवसांनी नागपुरातच प्राण सोडला. तेथे आभाळात फिरत राहण्याचा प्रश्नच नव्हता. एक माणूस मरणाच्या दारी होता, आणि मस्कतपासून निम्म्याहून अधिक वाट सरल्यामुळे विमानही बरेच हलके झाले होते.

म्हणजे इंधन जाळणे हा आंधळा नियम नव्हे. चाकाचे दुखणे असेल तर ते तासभर थांबू शकते. आगीचे किंवा माणसाच्या हृदयाचे दुखणे थांबत नाही. कोणते दुखणे कोणत्या जातीचे, हे त्या लहानशा खोलीत बसलेल्या दोघांनी ओळखायचे असते. तेव्हा घिरट्या घालणाऱ्या विमानाची बातमी पुन्हा कानी आली, तर हे लोक उतरत का नाहीत म्हणून जीव कासावीस करून घेऊ नये. ज्याअर्थी ते फिरत आहेत, त्याअर्थी आपल्याजवळ वेळ आहे असे त्यांनी विचारपूर्वक ठरवलेले असते. आणि संकटात वेळ हाती असणे, याहून मोठी शिदोरी दुसरी नाही.