गाळलेल्या जागा भरू नका

इतिहासात मला आयुष्यात एकदाच बरे मार्क पडले, आणि तेही गाळलेल्या जागा भरून. पुढे बी.कॉम. होऊन बँकेत चिकटलो, तर तिथेही तेच. स्लिपवर रिकामा रकाना दिसला की तो खातेदाराकडून भरून घ्यायचा, हा आमचा कुळधर्म. त्यामुळे रिकामी जागा ही भरण्यासाठीच असते, असा माझा परवापरवापर्यंत पक्का समज होता.

तो एका नोटिशीने घालवला.

नोव्हेंबरात पेन्शनरांनी बँकेत हयातीचा दाखला द्यायचा असतो. म्हणजे आपण अजून आहोत हे सरकारला लेखी कळवायचे. त्याची नोटीस काढायचे काम साहेबांनी माझ्यावर सोपवले, कारण शाखेत 'कॉम्प्युटरची हौस' असलेला मीच. मी हौस पुरवून घेतली. भोवती वेलबुट्टीची चौकट, मथळा लाल, मजकूर जांभळा, मागे फिकट गुलाबी गणपती, चार तऱ्हांचे टाइप. एवढे करूनही खाली चार बोटे कागद उरला, तर तिथे लॉकरच्या भाड्याची सूचना कोंबली. बँकेचा माणूस कागदाची नासाडी सहन करत नाही.

जानेवारीच्या दोन तारखेला एक निवृत्त पोस्टमास्तर काउंटरवर आले. डिसेंबरचे पेन्शन जमा झाले नव्हते.

"अहो काका, महिनाभर नोटीस होती की दाराशी!" मी.

"पाहिली ना. मला वाटलं, तुमच्यापैकी कुणाच्या तरी मुंजीची पत्रिका आहे."

मी मोठ्याने हसलो. तेही हसले. मग हळूच म्हणाले, "औषधवाला ओळखीचा आहे म्हणून हिच्या गोळ्या उधार मिळाल्या." त्यानंतर मला काही हसू आले नाही. दाखला भरून घेतला, थकबाकीसकट पेन्शन सुरू झाले. पण ती नोटीस काढून मी घडी करून खिशात घातली ती घातलीच.

रात्री ती चिरंजिवांपुढे ठेवली. चिरंजीव इंजिनिअरिंगला आहेत, म्हणजे बापाला अडाणी समजण्याचा परवाना त्यांच्याकडे आहे. त्याने कॉम्प्युटरवर माझी चौकट उडवली, गणपतीचे विसर्जन केले, रंग पुसले आणि म्हणाला, "बाबा, हे राहिलं ना, एवढंच सांगायचं होतं तुम्हाला." मग पुरावा म्हणून जगातले पहिले वेब-पान उघडून दाखवले. जिनीव्हाजवळच्या सर्न ह्या संशोधनसंस्थेतल्या टिम बर्नर्स-ली ह्या गृहस्थांनी ते केले आणि १९९१च्या ऑगस्टमध्ये जगाला कळवले. पांढऱ्यावर काळे, पुढच्या पानांकडे नेणारे काही शब्द अधोरेखित, बस्स. ज्या यंत्रावर ते होते त्यावर त्यांनी लाल शाईने चिठ्ठी चिकटवली होती, की हा सर्व्हर आहे, बंद करू नये. हे वाचून मला फार आपलेपणा वाटला. आमच्या शाखेतल्या पंख्याच्या बटनावर हुबेहूब अशीच चिठ्ठी आहे.

मग मला नादच लागला. पानावर जागा मोकळी सोडायची अक्कल माणसाला आली तरी कधी? तर वाचकहो, फार उशिरा. प्राचीन ग्रीक लोक दोन शब्दांमध्ये फटच ठेवत नसत. रोमन आधी शब्दांमध्ये ठिपके द्यायचे, पण पुढे त्यांनीही ग्रीकांचे पाहून ते सोडून दिले. सगळा मजकूर विरार लोकलसारखा, कोण कुठे संपतो पत्ता नाही. ही गर्दी पहिल्यांदा नीट मोडली ती सातव्या-आठव्या शतकांत आयर्लंडच्या मठांतल्या साधूंनी. का? तर लॅटिन ही त्यांची मातृभाषा नव्हती. रोमनाला शब्द कानाने तोडता येत होते. ह्या बिचाऱ्यांना ते डोळ्यांनी तोडून हवे होते. मला हे फार महत्त्वाचे वाटते. फट पाडली ती वाचताना अडखळणाऱ्याने. पंडितांचे काही अडले नव्हते.

आपल्याकडे मोडी पाहा. आमच्या पणजोबांच्या खरेदीखताचा एक मोडी कागद घरात आहे. आधी ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढायची आणि मग दोरीवर धुणे टाकावे तशी अक्षरे टांगत जायची. टाक शक्यतो उचलायचा नाही, शब्द तोडायचे नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचे नाव नाही. अशा थाटात 'बायकोलाडूकरते' एवढे लिहिले तर त्यात बायको लाडू करते आहे की नवरा जिवावर उदार झाला आहे, हे वाचणाऱ्याने ठरवायचे. मोडी ही घाईत लिहिणाऱ्या कारकुनांची लिपी, म्हणजे माझ्याच पूर्वसूरींची. सगळी सोय लिहिणाऱ्याची. आमची जमीन नेमकी किती होती, हे त्या कागदावरून घरात आजतागायत कुणाला लावता आलेले नाही.

मराठीत विरामचिन्हे रुजवली ती मेजर थॉमस कँडी ह्या इंग्रजाने, एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला. मोल्सवर्थबरोबर कोशाच्या कामात राबलेला हा माणूस. हिंदीवाले वाक्याला उभा दंड देतात आणि आपण टिंब देतो, हे ह्याच वळणाचे. पुन्हा मराठी ज्याची मातृभाषा नाही असाच माणूस!

बर्नर्स-लीचे मोकळे पान मात्र फार दिवस मोकळे राहिले नाही. १९९३ साली मोझेक ब्राउझरने मजकुरातच चित्रे आणली, १९९४च्या सुमारास नेटस्केपने लुकलुकणारी अक्षरे काढली, आणि मग प्रत्येकाने आपल्या पानाची सत्यनारायणाची पूजा मांडली. लुकलुक फायरफॉक्सने २०१३ साली काढून टाकली. त्याच वर्षी सर्नने ते पहिले पान मूळ पत्त्यावर पुन्हा लावले. योगायोग असेल, मी मनात पेढे वाटले. मध्यंतरी २००४ साली जॉन ग्रूबर ह्यांनी मार्कडाउन नावाची पद्धत काढली होती. साधा मजकूर लिहायचा, ठासून सांगायच्या शब्दाला दोन्ही बाजूंनी तारे लावायचे, परिच्छेदानंतर एक ओळ कोरी सोडायची. यंत्राने पुढे काही केले नाही तरी माणसाला कागद वाचता आला पाहिजे, ही त्यातली अट.

छपाईतले जाणकार सांगतात की रोमन लिपीत एका ओळीत पंचेचाळीस ते पंचाहत्तर अक्षरे असावीत. जास्त झाली की परतीच्या वाटेत डोळा भलत्याच ओळीत शिरतो. आपल्या देवनागरीला वर मात्रा आणि खाली उकार, म्हणून दोन ओळींत अंतरही जरा सैल हवे. वेबचे नियम करणाऱ्या संस्थेने तर २००८ साली अक्षर आणि पार्श्वभूमी ह्यांच्या उजेडात किमान साडेचारास एक एवढे प्रमाण घालून दिले. माझे गुलाबीवरचे जांभळे चिरंजिवांनी मोजायचे नाकारले. "राहू द्या बाबा," म्हणाला.

गेल्या नोव्हेंबरात मी नवी नोटीस लावली. पांढऱ्यावर काळे, मोठा टाइप, तीन ओळी: कोणी, काय, कधीपर्यंत. साहेब म्हणाले, "अहो, अर्धा कागद कोराच आहे! लॉकरचं टाका की खाली." मी लॉकरचे वेगळ्या कागदावर छापले. एक कागद जास्त लागला, तो स्टेशनरीच्या रजिस्टरात माझ्या नावावर आहे.

पोस्टमास्तर आले, टोकन घेऊन समोरच्या बाकावर बसले आणि तिथूनच, चष्मा न पुसता, तिन्ही ओळी वाचल्या. मी श्वास रोखून पाहत होतो. मग उठून काउंटरवर आले, दाखल्याचा फॉर्म पुढे केला आणि म्हणाले, "'पेन्शनरांनी'मधला 'नी' दीर्घ हवा. तुम्ही ऱ्हस्व काढलाय."