आप्पांचा फॉरवर्ड, पुतण्याची कमेंट: सोशल मीडियावरचा ‘मान’ माणसांना कुठे नेतो?

१ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा गावाचा आठवडे बाजार भरला होता. नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजाचे पाच जण भिक्षा मागत तिथे पोहोचले. त्यातले बहुतेक सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा भागातले. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, असे मेसेज परिसरात आधीच व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत होते. पाचपैकी एकजण एका लहान मुलीशी बोलताना दिसला, एवढं निमित्त पुरलं. जमावाने त्यांना मारहाण करत ग्रामपंचायत कार्यालयात नेलं. पाचही जणांचा जीव गेला. मध्ये पडलेल्या पोलिसांनाही मार बसला. मारहाणीचे व्हिडिओ काढले गेले आणि तेही मोबाइलवर फिरले.

खानदेशच्या एका टोकाला साक्री, दुसऱ्या टोकाला आमचं बोदवड. पण ग्रुप सगळीकडे सारखेच.

त्या वर्षी देशभर फिरलेल्या एका व्हिडिओत दुचाकीवरचे दोघे एका मुलाला उचलून नेताना दिसतात. प्रत्यक्षात ती कराचीतल्या एका बालसुरक्षा संस्थेची जनजागृतीची फिल्म होती. तिच्या शेवटी मुलाला परत आणून सोडतात आणि संदेशाचा फलक दाखवतात. तेवढा भाग कापून बाकीचा फॉरवर्ड होत राहिला.

फॉरवर्ड करणाऱ्याला काय मिळतं?

अफवा पसरली म्हणून हे घडलं, असं आपण म्हणतो. पण ती पसरवणारी बहुतेक माणसं साधी, घरातली असतात.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मार्क लिअरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये एक सिद्धांत मांडला. आपला आत्मसन्मान हा मनातल्या एका मीटरसारखा असतो आणि चारचौघांत आपल्याला किती मान आहे, हे तो मोजत राहतो. पूर्वी या मीटरचा काटा पारावर, भावकीत, लग्नाच्या पंगतीत हलायचा. फेसबुकने २००९ मध्ये लाइकचं बटण आणलं आणि मानाला आकडा मिळाला.

एखाद्या घरचा ग्रुप डोळ्यांसमोर आणा. नोकरीतून निवृत्त झालेले आप्पा. घरात आता त्यांना फारसं कोणी काही विचारत नाही. ते ‘सावधान, मुलांना सांभाळा’ असा मेसेज टाकतात. दहा जण हात जोडतात, कोणीतरी ‘धन्यवाद आप्पा’ लिहितं. आप्पा पुन्हा कामाचे झाले! त्यांच्या मनात कोणाचंही वाईट नसतं. माझ्या मते अफवेला यामुळेच बळ मिळतं.

२०१६ च्या अमेरिकी निवडणुकीच्या काळातल्या फेसबुक वापराचा एक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ६५ वर्षांवरच्या लोकांनी सर्वांत तरुण गटाच्या जवळपास सातपट खोट्या बातम्या शेअर केल्याचं दिसलं.

म्हणून तरुणांनी हसू नये. येल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२१ मध्ये सुमारे १ कोटी २७ लाख ट्वीट्स तपासले. संताप व्यक्त करणाऱ्या पोस्टला जास्त लाइक्स आणि रीट्वीट्स मिळाले, की तीच माणसं पुढे आणखी संताप व्यक्त करत होती. पुतण्या कमेंटमध्ये अनोळखी माणसाची आई-बहीण काढतो, तेव्हा त्यालाही मित्रांची दाद हवी असते. समोर उभं राहून तो हे बोलला नसता. पडद्याआडून माणूस कसा सैल सुटतो, यावर जॉन सुलर यांनी २००४ मध्येच लिहून ठेवलं आहे.

चूक दाखवली की अपमान

खरी अडचण इथे आहे. पुतण्याने सगळ्यांसमोर ‘आप्पा, हे फेक आहे’ लिहिलं, तर आप्पांना मेसेजपेक्षा आपणच खोटे ठरल्यासारखं वाटतं. ते हट्टाला पेटतात, नाहीतर ग्रुप सोडतात. म्हणून वहिन्या, काका, भाचे सगळे गप्प बसतात आणि मेसेज पुढे जातो. आप्पांना वेगळा फोन करून सांगितलं आणि दुरुस्ती त्यांनाच टाकू दिली, तर त्यांचा मान राहतो.

राईनपाड्यानंतर काय बदललं?

त्याच जुलैत सर्वोच्च न्यायालयाने झुंडबळी रोखण्यासाठी राज्यांना सूचना दिल्या. व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एका वेळी पाचच चॅटना फॉरवर्ड करण्याची मर्यादा आणली. एप्रिल २०२० पासून अनेकदा फॉरवर्ड झालेला मेसेज एका वेळी एकाच चॅटला पाठवता येतो. असे मेसेज ७० टक्क्यांनी घटल्याचं कंपनीने नंतर सांगितलं. मेसेजवर दुहेरी बाण दिसला, तर तो पाठवणाऱ्याने स्वतः लिहिलेला नाही आणि बऱ्याच हातांतून आलाय, एवढं ओळखा.

भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ ला लागू झाली, राईनपाड्याला बरोबर सहा वर्षं झाली त्या दिवशी. तिच्या कलम १०३(२) मध्ये पाच किंवा अधिक जणांनी मिळून जात, समुदाय, भाषा, जन्मस्थान अशा कारणांवरून केलेल्या खुनाची वेगळी तरतूद आहे. शिक्षा फाशी किंवा जन्मठेप. अफवा पसरवून लोकांत भीती निर्माण करणं कलम ३५३ मध्ये येतं, त्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

राईनपाड्याची घटना घडली, त्याच रात्री मालेगावातही एका कुटुंबाला मुलं पळवणारे समजून जमावाने घेरलं होतं. त्यांच्यासोबत लहान मूल होतं. तिथे स्थानिक माणसांनी त्यांना घरात घेतलं, पोलिसांनी गर्दीतून बाहेर काढलं आणि ते वाचले. गावात संशयावरून कोणाला अडवलं गेलंय असं दिसलं, तर व्हिडिओ काढण्याआधी ११२ ला फोन करा.